आडवी कबर

हॉकर, मंगळवार

प्रिय नूरी,

हे पत्र तुझ्या आजीसमोर उघडू नकोस. आधी एकटीने वाच, मग काय करायचं ते ठरव. फोन का केला नाही, असं तुला वाटेल. आमच्या भागातलं टेलिफोन एक्स्चेंज अजून बेरिल काकूच्या घरात आहे, आणि जोडून दिलेला फोन ती खाली ठेवत नाही, कान लावून बसते, हे इथल्या मेंढरांनाही ठाऊक आहे. एरवी आम्ही त्यावर हसतो. या आठवड्यात मला हसू येत नाही. हे पत्र मी स्वतः गावात नेऊन पेटीत टाकणार आहे. फार्मवरच्या टपालाच्या थैलीत ठेवणार नाही, कारण ती थैली मरे काकाच्या गाडीतून जाते. बघ, घरच्या माणसांबद्दल मी असं लिहायला लागले आहे.

आपलं राज्य वसवल्याला यंदा दीडशे वर्षं होतात, म्हणून गावोगाव जुन्या लोकांच्या कबरी धुऊनपुसून उभ्या करणं चाललं आहे, हे तू तिकडे पोर्ट ऑगस्टातही पाहत असशील. आमच्या घराण्यानेही ठरवलं. खापरपणजोबा अँब्रोझ ट्रेवार्था कॉर्नवॉलहून आले आणि या कोरड्या मुलखात त्यांनी पहिली विहीर खणली. त्यांची, त्यांच्या बायकोची, हेस्टरची, आणि त्यांच्या धाकट्या मुलाची, जेबेझची, अशा कबरी जुन्या घरामागच्या टेकडीवर लोखंडी कठड्यात आहेत. कठडा गंजला होता, काँक्रीट फुटलं होतं. येत्या शनिवारी सगळे ट्रेवार्था जमणार, पर्थहून आणि न्यूझीलंडहूनसुद्धा, आणि नव्या शिळेवरचं कापड काढणार. त्यासाठीच्या कमिटीची सेक्रेटरी कोण, यावर चर्चाच झाली नाही. मरे काका म्हणाला, घरातली पहिली पदवी आहे, नुसती भिंतीवर टांगून काय उपयोग, जुंपा तिला. सगळे हसले. मी मात्र मनापासून जुंपून घेतलं. मेलेल्या माणसांना त्यांची खरी नावं परत मिळवून देणं यापेक्षा चांगलं काम इतिहास शिकलेल्या मुलीला काय मिळणार, असं मला वाटत होतं.

पहिली शंका आली ती जेबेझची. आमच्याकडे जेबेझ म्हणजे मोठं नाव. एकोणीसशे चौदा सालच्या दुष्काळात तो ऐन विशीत गेला. ओढ्याला त्याचं नाव आहे, टेनिसच्या ढालीला आहे. पण कसा गेला, हे विचारलं की प्रत्येक शाखा वेगळं सांगते. पर्थवाले म्हणतात, हरवलेली मेंढरं शोधताना तहानेने. न्यूझीलंडवाले म्हणतात, तापाने. बेरिल काकू म्हणते, घोड्यावरून पडून. कॉलेजात आपल्याला शिकवलं होतं ना, की साक्षीदारांच्या गोष्टी बारीकसारीक बाबतीत जुळत नसतील तर काळजी नाही, पण मुळातच जुळत नसतील तर थांबावं. मी थांबले. काका म्हणाला, तहान, ताप नि घोडा, तिन्ही खरी असतील, दुष्काळात माणूस एका कारणाने मरत नाही. त्यावरही सगळे हसले.

मग गेल्या शनिवारी आम्ही जेबेझच्या कबरीवरचं काँक्रीट पहारीने उचकटलं. ते छत्तीस साली माझ्या पणजोबांनी घातलेलं, राज्याच्या शंभराव्या वर्षाला. शेजारच्या दोन कबरींना समांतर, पूर्व-पश्चिम, अगदी सरळ रेषेत. तुला माहीत आहे, आमच्यात मृताचे पाय पूर्वेकडे करतात. पण काँक्रीट निघालं आणि खाली जुन्या चपट्या दगडांची चौकट दिसली, आणि ती आडवी होती. उत्तर-दक्षिण. डोक्याकडचा मोठा दगड उत्तरेला. दगड हललेले नव्हते, एकाला एक घट्ट टेकून बसवलेले होते, कोणीतरी फार जपून.

मी काकाकडे पाहिलं. तो म्हणाला, मेंढरांनी सरकवले असतील. काँक्रीटखाली मेंढरं कशी जातील, असं मी विचारलं, तर म्हणाला, खणणारा प्यालेला असेल. एका दुपारी दोन कारणं. मग त्याने ताडपत्री आणली आणि झाकायला लागला, म्हणाला, पाऊस येईल. नूरी, आमच्याकडे एप्रिलपासून थेंब नाही. आभाळ धुतलेल्या ताटासारखं होतं.

तुझ्या वडिलांच्या दफनाला मी बायकांबरोबर कुंपणाबाहेर उभी होते. तूच मला हलक्या आवाजात सांगत होतीस, डोकं उत्तरेला, उजव्या कुशीवर, तोंड पश्चिमेला, नमाजाच्या दिशेला. मला त्या दिवशी ते ऐकून बरं वाटलं होतं, की माणसाला कसं झोपवायचं याचा इतका विचार कोणी केलेला आहे. शनिवारी त्या दगडांपाशी मला तुझा आवाज जसाच्या तसा ऐकू आला.

आणि आता जे लिहिते ते वाचून रागावू नकोस. त्याच क्षणी मला तुझाही संशय आला. पहिल्या वर्षी तू मला घरी जेवायला नेलंस, तुझी झुबेदा आजी चहा ओतत होती, आणि मी माझं आडनाव सांगितल्यावर किटली वाटेतच थांबली. कुठले ट्रेवार्था, विहिरीवाले का, असं तिने विचारलं. मी अभिमानाने हो म्हटलं. मग तिने तिच्या वडिलांची गोष्ट सांगितली, मिरदादची. उंटांवरून माल वाहायचे, आणि एका दुष्काळात बायको नि तान्ही मुलगी टाकून जहाजाने आपल्या देशी निघून गेले. सांगताना ती माझ्याकडेच पाहत होती. शेवटी एवढंच म्हणाली, पण त्यांचे उंट डोंगरात मोकाट सापडले, नाकातल्या दोऱ्यांसकट. उंट सोडून कोण उंटवाला जातो? मी तेव्हा ती म्हातारपणाची बडबड समजले. शनिवारपासून मात्र मनात येतं, की कॉलेजच्या पहिल्या दिवशी इतकी बाकं रिकामी असताना तू माझ्याच शेजारी का बसलीस, आणि आमचा फार्म बघायचाय असं दर सुट्टीत का म्हणत होतीस.

रविवारी मी इल्मा आजीकडे गेले. ही माझ्या आजोबांची बहीण, गावात एकटी राहते, चौदा साली सहा वर्षांची होती. शनिवारच्या समारंभासाठी ती स्कोनचे छोटे पाव भाजून बघत होती. मी खोटंच बोलले, म्हटलं शिळेवरचा मजकूर दाखवायला आलेय. तिने चष्मा लावला नाही. ताडपत्री का घातली, असंच विचारलं. म्हणजे बेरिल काकूचा फोन होऊन गेला होता. मग मी सरळ सांगितलं की दगड आडवे आहेत.

ती भट्टीचं दार लावून खुर्चीत बसली आणि म्हणाली, "तसेच असायला हवेत. हेस्टर आजीने काठीने रेघ ओढून दिली होती."

पुढचं तिने तुटक तुटक सांगितलं, मी तुला सलग सांगते. मिरदादला आमच्याकडे मिक म्हणत. पीठ, तारेची बंडलं, हेस्टरची शिवणाची मशीन, सगळं त्यानेच आणलेलं. त्याची नमाजाची वेळ झाली की तो टाकीजवळ सतरंजी टाकायचा, आणि हेस्टर त्याच्यासमोरून कोंबड्या हाकलायची. इतकी वर्षं हाकलल्या, की तो कुठे तोंड करतो हे तिला चर्चच्या दारापेक्षा पक्कं ठाऊक झालं होतं. त्या वर्षी विहीर तळाला गेली होती. मिकने नेहमीसारखे उंट पाण्याला लावले. जेबेझ घरी एकटाच पुरुष होता, आणि तापट होता. इल्माने बंदुकीचा आवाज ऐकला आणि नंतर गाडीच्या शेडमध्ये मिकला पाहिलं, हेस्टर त्याचं तोंड धूत होती. जेबेझला त्याच दिवशी उत्तरेकडे पाठवून दिलं. तो परत आला नाही. उंट हाकलले. एक माणूस मेला होता आणि एक नाहीसा झाला होता, आणि कबर एकच होती. तिच्यावर जेबेझचं नाव घातलं की दोन्ही प्रश्न मिटत होते.

नूरी, मला झोप येऊ देत नाही ती गोळी नाही. रागाच्या भरात माणसं गोळी घालतात, ते वाईट आहे, पण समजतं. पण त्यांनी त्याला उजव्या कुशीवर झोपवलं. दिशा विचारून, रेघ ओढून, दगड निवडून. इतकं त्याला ओळखत होते, इतकी त्याची पर्वा होती. आणि मग काही दिवसांनी त्याची बायको एलेन चालत आमच्या दारात आली, तेव्हा अँब्रोझने टोपी काढून तिला सांगितलं, की मिक रेल्वेने बंदरावर गेला, आपल्या देशी चाललोय म्हणाला. हेस्टरने तिला चहा दिला. टेकडी तिथून दिसत होती. इल्मा टाकीमागे उभी राहून ऐकत होती.

एवढं सांगून झालं. मला वाटलं, आता म्हणेल, झालं गेलं, झाकून टाका. काका तेच म्हणतो. ती म्हणाली, "त्या बाईच्या कडेवर एक मूल होतं. रडत नव्हतं, माझ्याकडे बघत होतं. त्याचं काय झालं, तुला काही कळेल का गं?"

मी तिला सांगितलं. म्हटलं, त्या मुलाने मला चहा दिलाय, आजी. ओढणीत लपवावं तसं तिने तोंड एप्रनमध्ये लपवलं, आणि स्कोन करपले तरी आम्ही दोघी उठलो नाही.

काल काकाशी बोलले. छत्तीस साली पणजोबांनी ते काँक्रीट सरळ घातलं ते नीटनेटकेपणासाठी की मुद्दाम, हे त्याला माहीत आहे का, असं विचारलं. त्याने पायाने गाडीच्या चाकातली हवा तपासली. मग म्हणाला, "शनिवारी सगळं घराणं येणार. त्यांना काय दाखवू, आपला खुनी?" त्याला किती माहीत होतं, मला अजून कळलेलं नाही. कदाचित कधीच कळणार नाही. रोज सकाळी मला डबा भरून देणारा हा माणूस आहे, आणि मी त्याच्या प्रत्येक वाक्याच्या मागे काय आहे ते शोधत बसते. त्याने एवढंच ठरवलं आहे, की शुक्रवारी सकाळी नवं काँक्रीट पडणार, सरळ, पूर्व-पश्चिम, आणि त्याआधी ते जुने दगड काढून टाकणार. दगड गेले की माझ्याकडे एका म्हातारीचा शब्द उरेल, आणि इल्माला हल्ली फार विसरायला होतं असं बेरिल काकूने फोनवर सांगायला सुरुवात केलीच आहे. मी सेक्रेटरी म्हणून नव्या शिळेच्या मजकुरावर सही करायची आहे. सही केलेली नाही, करणारही नाही. त्यानंतर या घरात माझी जागा काय राहील, ठाऊक नाही.

तू माझ्या शेजारी मुद्दाम बसलीस का, हे मी आता विचारणार नाही. बसली असशील तर बरंच केलंस.

हे पत्र लिहिण्याचं कारण एकच. गुरुवारी झुबेदा आजीला घेऊन ये. सकाळी ये, म्हणजे काका बाजाराला गेलेला असेल, आणि नसला तरी ये. मी टेकडीवर दगडांपाशी असेन, आणि इल्मा आजी माझ्याबरोबर असेल. जे पाहिलं ते ती स्वतःच्या तोंडाने झुबेदाला सांगणार आहे, मला मध्ये बोलू देणार नाही म्हणते. माफी मागण्याचं तिने ठरवलेलं नाही, मागितली तर द्यायची की नाही हे तुझ्या आजीचं. शिळेवर काय लिहायचं, मिरदादना तिथेच ठेवायचं की तुमच्या कबरस्तानात न्यायचं, हेही तुमचंच, आमच्या कमिटीचं नाही. पण तिला गाडीत बसवून वाटेत काही सांगू नकोस. घरीच सांग, तिच्या खुर्चीत बसवून, हात धरून. बाकी सगळं नंतर. आधी एवढंच सांग, की तिचे वडील तिला टाकून गेले नव्हते.

तुझीच,
ग्लेनिस ट्रेवार्था

(आडनाव मुद्दाम लिहिलं आहे. आजीला पत्र दाखवलंस, तर ते कोणाच्या घरातून आलं हे तिच्यापासून लपायला नको.)