पंचमीला उलटी ठेवलेली इस्त्री

आत्याबाई, तुमची इस्त्री अजून चालते. वायर दोनदा बदलली, मूठ एकदा बदलली, पण खालचा पत्रा तोच आहे, जड आणि गुळगुळीत. केजच्या बाजारातून तुम्ही ती आणली तेव्हा मी परसात भांडी घासत होते. तुम्ही पिशवी माझ्यासमोर ठेवलीत आणि म्हणालात, "धावी शिकल्याली सून हाय. तिच्या नवऱ्याच्या अंगात चुरगळल्यालं सदरं दिसाया नको." म्हणजे ती इस्त्री माझ्यासाठी होती की तुमच्या लेकासाठी, हे मला आजवर कळलं नाही. मी बटण दाबलं की तुम्ही उंबऱ्याबाहेर जाऊन उभ्या राहायच्या आणि तिथून विचारायच्या, "गेला का करंट आत?" तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षं झाली की नातवाचं लग्न झालं, घरात सून आली, आणि तिनं तुम्हाला फक्त फोटोत पाहिलंय. तरी मागच्या नागपंचमीला जे झालं ते तुमच्या कानावर घालायला हवं, कारण त्यात तुमचं नाव आलं. मीच आणलं.

सून लग्नाआधी पुण्याला मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात कामाला होती. येताना सामानात नळीवालं गरम हवेचं मशीन घेऊन आली. मला वाटलं, केस वाळवायचं असेल, पोरगी हौशी दिसते. आता ती इथं घरीच बसून पुण्याच्या एका कंपनीचं काम करते, लॅपटॉपवर. लॅपटॉप म्हणजे वहीसारखा उघडतो, आत पडदा असतो. त्यात सगळं साठवून ठेवणारी एक चिप असते, अंगठ्याच्या नखाएवढी. आपली धान्याची कोठी समजा. तिची कोठी गच्च भरली आणि वर जुनी झाली, नवीन काही आत घेईचना. कंपनीचं काम आठवडाभर बंद. बीडच्या दुकानदारानं उघडून बघितलं आणि सांगितलं, ही चिप बोर्डाला झाळलेली आहे, बदलत नसते, नवाच घ्या. नवा घ्यायचा म्हणजे आमचा वर्षाचा किराणा गेला. सून गाडीत फोनवर चिपेच्या किमती बघत बसली. घरी आल्यावर म्हणाली, "आई, बसवलीय ना कुणीतरी? मग काढताही येते." तिनं जास्त जागेची चिप मागवली. ती आली नेमकी पंचमीच्या आदल्या संध्याकाळी. भाऊ माहेरी न्यायला येणार होता, त्याला तिनं येऊ नको म्हणून कळवलं.

पंचमीच्या सकाळी मी पाटावर नागोबा काढला, लाह्या-दूध ठेवलं, हात जोडले. दिंड उकडायला ठेवले. तवा तुमच्या शिस्तीप्रमाणे आदल्या दिवशीच घासून कोपऱ्यात पालथा घातला होता. विळीही वर ठेवून दिली होती. सून स्वयंपाकघरात आली आणि हळूच म्हणाली, "आई, तवा घेऊ का?" मी विचारलं, आज? कशाला? तर तिनं सांगितलं की वरून नुसती गरम हवा मारली तर बोर्ड एकीकडेच तापतो, वाकतो, मग सगळंच जातं. खालूनही सारखी ऊब लागते. दुकानात त्याची वेगळी शेगडी होती, इथं नाही. "आजचा दिवस थांबलं तर?" मी म्हटलं. ती म्हणाली, "उद्या नऊला मी बसले नाही तर ते माझ्या जागी दुसरीला घेणारेत. काल फोन आलता." एवढं बोलून ती बाहेर गेली. भांडली असती तर बरं झालं असतं.

मी तिथंच उभी राहिले आणि मला माझ्या लग्नाचं दुसरं वर्ष आठवलं. त्या पंचमीला मला माहेरी जायला मिळालं नव्हतं. सकाळी उठून मी सवयीनं चूल पेटवते, तवा ठेवते, भाकरी थापायला घेते. तुम्ही देवाजवळून येता, पदराच्या टोकानं तापलेला तवा उचलता आणि अंगणात नेऊन टेकवता. "नागाच्या फडीवर इस्तू ठेवतीस व्हय?" एवढंच म्हणता. तवा म्हणजे नागाची फडी आणि इस्तू म्हणजे विस्तव, हे मला तेव्हा कळलं. दुपारी गल्लीतल्या पोरी कडुलिंबाच्या झोक्यावर गेल्या आणि मी भिंतीला टेकून पेंगले, पहाटे चारला उठलेली होते. तुम्ही सुपात डाळ घेऊन आलात, सूप माझ्या मांडीवर ठेवलंत. "सणाच्या दिशी सून झोपती का?" मी डाळ निवडली. डाळीत खडा एकही नव्हता, तुम्ही ती आधीच निवडलेली होती. मला राग आला नाही असं म्हणणार नाही. पण तवा मात्र त्यानंतर कधी पंचमीला चुलीवर गेला नाही. ते भीतीनं नाही. नागोबावर माझी श्रद्धा आहे आणि वर्षातनं एक दिवस तव्यालाही सुट्टी असावी हे मला पटतं.

मग कपाटावरची इस्त्री दिसली. इस्त्रीही तापते, खालून सपाट असते, कमी-जास्त करायचं बटणही असतं. आणि इस्त्री काही तवा नव्हे. मी सुनेला हाक मारली. ती इस्त्रीकडे बघून हसली, म्हणाली, "आमच्या दुकानात शेगडी बिघडली की आम्ही हेच करायचो. पण ही तुमच्या सासूबाईंची, म्हणून मी बोलले नाही." तिनं दोन विटांच्या मधे इस्त्री उलटी बसवली, वर लॅपटॉपचा हिरवा बोर्ड मांडला, चिप सोडून बाकीचं चकचकीत पट्टीनं झाकलं. चिपेच्या कडेनं चिकट मलम लावलं, ते तापल्यावर राळेसारखा वास सुटला, देवघरातला वाटावा असा. मग गरम हवा. जुनी चिप चिमट्यात अलगद उचलून आली. तिथली जागा तिनं किती वेळ पुसत घासत साफ केली. नव्या चिपेच्या पोटाशी राजगिऱ्यासारखे बारीक गोळे होते. ती नीट जुळवून ठेवली आणि पुन्हा हवा सोडली. "आता हे गोळे वितळले की ती आपोआप जागेवर बसंल, आई. तोवर धक्का नको आणि लाइट जायला नको."

लाइट गेली नाही, तुमच्या धाकट्या जाऊबाई आल्या. ताटात दिंड झाकून आणलेले. दारातूनच, "काय गं, पंचिमीचं काय जाळाया लागल्यात दोघी?" आत येऊन बघतात तर उलटी इस्त्री आणि धूर. "आगं आगं! आज इस्तू पेटवून बसलीस? मोठी बाई असती तर घर डोक्यावर घेतलं असतं तिनं. बंद कर आदी ते!" आणि ताट खाली ठेवून त्यांनी भिंतीवरच्या बटणाकडे हात नेला. सुनेनं मान वर केली नाही, चिपेवरून नजर काढता येत नव्हती, पण तिचे कान लाल झालेले मला दिसले. मी म्हटलं, "काकू, आत्याबाईंनीच सांगून ठेवलंय. पंचमीला तवा न्हाई, इस्त्री चालती."

काकूंचा हात तिथंच थांबला. "कवा सांगितलं?"

"शेवटच्या आजारपणात."

त्या ताटाशेजारी खाली बसल्या. म्हणाल्या, "मला न्हाई कधी बोलली असलं." आवाजात रुसवा होता. मला वाईट वाटलं, पण तेवढ्यात चिप इवलीशी हलली आणि बसली, मी डोळ्यांनी पाहिलं. सुनेनं मशीन बंद केलं, इस्त्री बंद केली आणि म्हणाली, "आता कुणी हात लावू नका, गार होऊ द्या." काकू म्हणाल्या, "मी कशाला हात लावू बाई? मला काय तुझ्या आजेसासूनं परवानगी दिलीय?"

दुपारी तिनं सगळं जोडून चालू केलं. पडदा काळाच राहिला. तिनं पुन्हा एक तार काढून बसवली, मी नागोबासमोर जाऊन बसले. बाहेरून तिचा आवाज आला, "आई, जागा दाखवली! चौपट दाखवतंय!" दुसऱ्या दिवशी नऊला ती कामाला बसली. मी खर्चाच्या वहीत चिपेची नोंद किराण्याखाली करावी की दुरुस्तीखाली यावर अडले आणि शेवटी दुरुस्तीखाली केली.

एवढंच असतं तर मी लिहायला बसले नसते. या पंचमीला काकूंच्या घरी गेले तर त्यांची नातसून विजेच्या मशीनवर पाव भाजत होती. काकूच मला म्हणाल्या, "मोठ्या बाईनं सांगून ठेवलंय, इजेचं चालतंय." आता गल्लीत चार घरी हेच आहे, तुमच्या नावानं. खरं काय ते सांगून टाकावं असं ठरवूनच मी घरी आले. मागोमाग काकूही आल्या. सून आतल्या खोलीत झोपली होती, कंपनीचं काम रात्रभर चाललं होतं. काकूंनी त्या खोलीच्या दाराकडे पाहिलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग मला विचारलं, "आणिक काय काय सांगून गेली गं मोठी बाई?"

मी म्हटलं, "सणाच्या दिवशी सून झोपली असंल तर उठवू न्हाई, असं म्हणाल्या होत्या."

काकूंनी उठून त्या खोलीचं दार हळूच लोटून घेतलं. मग म्हणाल्या, "शेवटाला मऊ पडली व्हती म्हण की."

मी हो म्हटलं, आत्याबाई. आणि तुम्ही असं म्हणाला नव्हतात हे माहीत असून, म्हणताना मला ते खरं वाटलं.