कोरडा हात

मंगळवार संध्याकाळ, बेलापूर

आज टेबल टेनिसच्या सरावात तन्वीला विचारलंच. प्रत्येक सर्व्हिसआधी ही पोरगी नेटजवळ टेबलावर तळहात पुसते. घाम आला की आम्ही सगळेच पुसायचो, पण हिचा हात चक्क कोरडा! मी धरून बघितला. मग हे शिकवलं कोणी? मी तर नाही.

"मॅडम, तुमीच करता ना! माझी मॅच असली की बाकावर बसून सारखा गुडघ्यावर हात पुसता. मला वाटलं, त्याने पॉइंट मिळतो."

मी? खेळणं सोडून राष्ट्रीय संघाची कोच झाले, त्याला सहा वर्षं झाली. अजून पुसते?

आत्ता लिहिता लिहिता तळहात बघितला. ओला.

उद्या मॅच तिची आहे.