भिंतीतली माया

ता. ३ जून

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि. गुडघे सोडून मी ठणठणीत आहे. तुझ्या नाटकघराचं कळल्यापासून जिन्यात भेटेल त्याला थांबवून सांगतेय, माझी नात लवचिक इमारत बांधणार! खालच्या नर्सबाईंनी विचारलं, लवचिक म्हणजे काय हो? चौथीत दोनदा बसलेली मी, पण अडते थोडीच! वारा आला की वाकते, थांबला की सरळ होते, असं ठोकून दिलं. त्या म्हणाल्या, मग आपण नाही बाई तिथे नाटकाला येणार. तेव्हापासून माझाच जीव टांगणीला लागलाय. पडणार नाही ना गं ती?

माझ्या अकलेला झेपेल असं लिही. रागव हवं तर, पण पत्र पाठव.
तुझी आजी

ता. ९ जून

ती. आजीस,
सा. न. वि. वि. इमारत नाही गं वाकत, आराखडा मंजूर करणाऱ्या समितीपुढे मी वाकतेय. माझ्या नाटकघराच्या भिंती सरकतात, छप्पर सरकतं, खुर्च्या रंगमंचाखाली जातात. आज नाटक, उद्या गाणं, वीस वर्षांनी लोकांना काय आवडेल कुणास ठाऊक! तुझ्या समोरचं सिनेमाघर आठव. उतरती जमीन, जखडलेल्या खुर्च्या; सिनेमा बंद पडला, दुसरं काही करता येईना, कुलूप लागलं. हे सगळं मी ‘अनुकूलनक्षम’ म्हणून समजावलं. अध्यक्षांनी जांभई दिली आणि म्हणाले, रिकामी जागा म्हणजे उधळपट्टी. महिनाअखेर शेवटची बैठक. त्यांनी खुर्च्या जखडायला लावल्या, तर माझी पहिलीच इमारत जन्मतःच म्हातारी होईल.

तुझ्यासारखं ठोकून देता आलं असतं तर!
तुझी भिंगरी

ता. १५ जून

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद. अगं, एवढंच होय! तुझ्या फ्रॉकांच्या शिवणीत मी माया सोडायची, तेच हे. पोर वाढली की उसवायचं, मोठं करायचं. मला मेलीला फक्त प्रमाण कळलं नाही. शाळेच्या फोटोत तू तंबूतून डोकं काढल्यासारखी दिसतेस. तुझी आई अजून तो फोटो पालथा ठेवते. तू आपली बेतानं सोड.

गुडघ्यांची चौकशी करत जा, ते रुसतात.
तुझी आजी

ता. १ जुलै

ती. आजीस,
सा. न. वि. वि. मंजूर! भिंतीत माया सोडलीय, एवढंच म्हटलं. अध्यक्षांची जांभई अर्ध्यावर राहिली. त्यांच्या आईनं शिवलेल्या विजारी बगलेपर्यंत यायच्या म्हणे! मग मीही तंबू सांगून टाकला. तो अंगाशी आला. माया बेतानं म्हणत त्यांनी सरकतं छप्पर तेवढं काढायला लावलं. भिंती आणि खुर्च्या वाचल्या. दोन वर्षांनी उद्घाटन. पहिल्या रांगेत तू.

खुर्ची सरकली तर घाबरू नकोस.
तुझी भिंगरी

ता. ६ जुलै

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद. आनंदानं नाचले असते, पण गुडघे ऐकतात कुठे! नर्सबाईही येणार आहेत, वारा नसला तर. उद्घाटनाला दोन वर्षं आहेत हे कळतं मला, तरी ठेवणीतलं पोलकं आजच घालून पाहिलं. दंडातच अडकलं. बसले उसवत, दोन्ही बाजूंची होती नव्हती ती माया मोकळी केली, तेव्हा कुठे श्वास घेता आला.

पोलक्यातली माया संपली बाळे. उरलीय ती सगळी या पाकिटात घातलीय. सैल झाली तरी वापर.
तुझी आजी