सोमवारची पेशी

प्रिय देवेंद्र,

तुझ्या मेसेजला मेसेजनेच उत्तर दिलं असतं, तर तू अंगठा दाखवून मोकळा झाला असतास. पत्राला अंगठा दाखवता येत नाही, म्हणून हा खटाटोप.

आष्टीत सगळं ठीक आहे. कॉलेजच्या कुंपणापलीकडे कपाशीची पऱ्हाटी फुलली आहे आणि सोमवारी माझी चौकशी आहे. दोन्हींचा संबंध आहे, म्हणून जरा मागून सांगते.

मागच्या वर्षी बी.एस्सी.च्या प्रात्यक्षिक परीक्षेत मी प्रत्येकापुढे पऱ्हाटीचं एकेक फूल ठेवलं. आदल्या दिवशी उमललेलं, म्हणजे पुरतं गुलाबी झालेलं. वर्णन करा, एवढंच म्हटलं. सगळ्या वर्गाने लिहिलं, पाकळ्या पिवळ्या. हातात गुलाबी फूल धरून, रे! आणि ही मुलं फ्लॅटमधली नव्हेत, यांच्या घराला लागून पऱ्हाटी असते. मी त्या प्रश्नाला सरसकट शून्य दिलं. काजल नावाची पोरगी तणतणत आली. म्हणाली, "मॅडम, मले गुलाबीच दिसून राह्यलं होतं. पण गाइडमंदी पिवळं हाय. गुलाबी लिवलं असतं त तुमीच मार्क कापले असते न!" ते गाइड तू लिहिलेलं आहे हे मी तिला सांगितलं नाही, मैत्रीला जागले. तसं तुझंही चुकलेलं नाही. पहिल्या दिवशी फूल पिवळसरच असतं. तू दुसऱ्या दिवशी पाहायला गेला नाहीस, इतकंच.

पाठांतराची निंदा मी कोणत्या तोंडाने करू? बाबांनी मला परकर-पोलक्याच्या वयात शब्दरूपं घोकायला लावली होती. नागपूरला एम.एस्सी.ला असताना तुझं नाव मी वर्गात चालवून दाखवायचे, आठवतं? प्रथमेचं द्विवचन, देवेंद्रौ, आलं की मुली म्हणायच्या, एकच पुरे आहे, दुसरा नको. पण बाबा रूपं घोकून घ्यायचे ते संध्याकाळी अंगणात संस्कृतात भांडता यावं म्हणून. आमच्या मुलांना सगळ्या विभक्त्या पाठ आहेत, रे. वाक्य त्यांना कुणी बोलूच दिलं नाही.

म्हणून या वर्षी मी नोट्स देणं बंद केलं. मुलांना शेतात नेलं, उमललेल्या फुलांना रंगीत दोरे बांधायला लावले आणि दुसऱ्या दिवशी परत नेलं. काजलने विचारलं, "काल पिवळं, आज गुलाबी, काऊन?" मी म्हटलं, शोध. कुणी म्हणालं मधमाशीमुळे. मग त्यांनी काही कळ्यांवर कागदी पिशव्या चढवल्या. आतली फुलंही गुलाबी झाली. मधमाशी निर्दोष सुटली आणि वर्गात जे भांडण पेटलं ते शिपायाला आवरावं लागलं. इतकं सुंदर भांडण मी आयुष्यात ऐकलेलं नाही.

पण भांडणात अभ्यासक्रम पुढे सरकत नाही. चाचणीत निकाल घसरला, पालकांनी तक्रार केली आणि प्राचार्यांनी ती विद्यापीठाकडे पाठवली. आता ठपका बसला, तर माझा वर्ग काढून घेऊन मला परीक्षा विभागात गठ्ठे बांधायला बसवतील. प्राचार्य सज्जन आहेत, म्हणाले, "मॅडम, पुन्हा नोट्स सुरू करते, एवढं लिहून द्या न, विषय संपला." मी म्हटलं, सर, हे आष्टी आहे. बेचाळीसच्या चळवळीत इथल्या लोकांनी काय काय बंद पाडलं. मी फक्त नोट्स बंद केल्या आहेत.

काल काजल विचारत होती, "मॅडम, सोमवारी तुमची पेशी हाय म्हंते?" क्षणभर मला वाटलं, अभ्यासातलंच काही विचारते आहे. आपल्याकडे तारखेवर हजर होणं म्हणजेही पेशी, हे विसरलेच होते. इतकी वर्षं पेशी शिकवली, पेशीवर जाण्याची वेळ आताच आली.

आणि समोर बसणार तू. चौकशी समितीचं अध्यक्षपद तुझ्याकडे आलं, हे मला तुझ्या मेसेजमुळेच कळलं. 'दोन ओळींची दिलगिरी दे इला, बाकी मी सांभाळतो,' हे तू प्रेमाने लिहिलंस, ठाऊक आहे. नाही देणार. जुन्या ओळखीखातर मला सोडूही नकोस. तसं सोडलंस तर तू सुटशील, मी नाही. मला दोषी ठरवायचं असेल तर खुशाल ठरव, पण प्राचार्यांच्या खोलीत चहा-बिस्किटांसमोर नाही. पेशी फायलीत दिसत नाही, तिच्यापाशी डोळा न्यावा लागतो, हे आपल्या दोघांनाही एकाच सरांनी शिकवलं होतं. तेव्हा रविवारीच ये. सकाळी फुलं उमलतात, तुझ्या हाताने एकाला दोरा बांध. रात्री माझ्याकडे जेव. वांग्याची भाजी अजून खातोस ना? सोमवारी मुलांसोबत त्याच फुलापाशी उभा राहा आणि काजलला तुझ्या तोंडाने सांग, पाकळ्या कोणत्या रंगाच्या. मग जो लिहायचा तो निकाल लिही. मी सही करीन.

तुझीच आरोपी,
इला