रूथ परेरा यांच्या व्हॅलिडेटरची पुढची व्यवस्था

मी, श्रीमती रूथ रेमंड परेरा, वय एकाहत्तर, बँकेच्या क्लिअरिंग विभागातून निवृत्त, राहणार वाकोला गावठाण, सांताक्रूझ पूर्व, हे मृत्युपत्र स्वखुशीने आणि स्वतःच्या हाताने लिहिते आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. कोणाला आणायचा असल्यास प्रयत्न करून बघावा. माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्या मुलांचं याबाबत वेगळं मत आहे, ते जोडलेलं नाही.

कलम १. राहतं घर आणि बँकेतल्या ठेवी यांबद्दल मी मुद्दाम काहीच लिहीत नाही. आमच्या आळीतले जयवंत वकील सांगतात की जे लिहून ठेवलं नाही ते कायद्याने माझ्या दोन्ही मुलांना, म्हणजे मेलरॉय आणि मॉनिकाला, सारखं जाईल. मला तेच हवं आहे. वकील असंही म्हणाले, "रूथबाई, ख्रिस्ती लोकांत मृत्युपत्रातून ज्याला काही मिळतं, त्याने साक्षीदार म्हणून सही केली तर त्याचं मिळणं रद्द होतं." मला साक्षीदार हीच दोघं हवी आहेत. तेव्हा या कागदातून त्यांना एक चमचाही मिळणार नाही. असं का, ते कलम ३ मध्ये आहे. आधी किरकोळ गोष्टी उरकते.

कलम २. (अ) सह्या बघायचं माझं भिंग बँकेत माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारे भीमराज यांना द्यावं. "तुम्ही देवाची सहीसुद्धा पडताळून घ्याल," असं ते मला म्हणायचे. घेतली असती.

(आ) माझी जाऊ मार्था हिला वर्षभरासाठी कुटून बाटल्यांत भरते त्या बाटली मसाल्याची एक बाटली द्यावी. कृती देऊ नये. माझ्या लग्नाचं तांब्याचं पातेलं तिने एका दिवसासाठी नेलं होतं, ते आलं की कृतीचा विचार करावा.

(इ) शेजारी फ्रान्सिस यांनी "रूथच्या घरात नोटा छापायचं मशीन आहे" अशी आळीभर बोंब मारली होती. त्यांना माझा यूपीएस द्यावा. लाइट गेले की तो कुत्र्यासारखा केकाटतो.

कलम ३. आता ते मशीन. माझ्या कपाटावर माझ्या नवऱ्याच्या, रेमंडच्या, फोटोशेजारी एक छोटा काळा डबा चालू असतो. त्याला व्हॅलिडेटर म्हणतात. नोकरीत मी जन्मभर चेकवरच्या सह्या पडताळल्या. निवृत्त झाल्यावर हात शिवशिवायला लागले, मी दूधवाल्याचं बिलही भिंगाने बघायला लागले, तेव्हा मेलरॉयने वैतागून हा डबा आणून दिला. म्हणाला, "मम्मी, घे, आता जगाचे व्यवहार तपास."

डबा काय करतो, हे आमच्या आळीतल्या कोणालाही पटकन कळेल. मे महिन्यात कोपऱ्यावरच्या क्रूसापुढे रोज रोझरी होते. रोज एका घराचा नंबर. ते घर प्रार्थना सांगतं, बाकीची घरं उत्तर देतात, मग उकडलेले चणे वाटले जातात. हा डबा ज्या ब्लॉकचेनला, म्हणजे जगभरच्या सामाईक खातेवहीला, जोडलेला आहे, तिथेही तेच. कोणी साहेब नाही, मॅनेजर नाही. ज्याचा नंबर तो व्यवहारांची यादी मांडतो, इतर डबे ती तपासून होकार देतात आणि पुरेसे होकार आले की ती पक्की होते. चण्यांच्या जागी थोडी कमाई मिळते. त्यावरचा कर मी भरला आहे. शिस्त लागावी म्हणून प्रत्येकाने आधी अनामत ठेवलेली असते. एखाद्या दिवशी गैरहजर राहिलात तर फारसं बिघडत नाही. पण एकाच नंबरला दोन वेगळे होकार दिलेत, तर तुम्ही लबाड ठरता. अनामतीचा लचका तोडतात आणि हाकलून देतात.

मागच्या वर्षी माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, त्याच आठवड्यात वाकोल्यात विजेची केबल जळली. डबा बंद पडला. मी हॉस्पिटलच्या खाटेवर "माझा नंबर जाईल, माझा नंबर जाईल" म्हणून कुरकुरत होते. ते दोघांनीही ऐकलं. मेलरॉयने पवईला घरी जाऊन, माझीच चावी, म्हणजे माझ्या सहीच्या जागी असलेला गुप्त आकडा, घालून दुसरं मशीन सुरू केलं. मॉनिका तेव्हा हॉस्पिटलात माझं जेवण पोचवायला बोरिवलीहून येऊन माझ्याच घरी राहिली होती. लाइट आल्याबरोबर तिने कपाटावरचा डबा सुरू केला. दोघांना मला खूश करायचं होतं आणि श्रेय एकट्याला हवं होतं, म्हणून कोणी कोणाला बोललं नाही. माझ्या एका सहीने दोन मशीन होकार देत सुटली. संध्याकाळपर्यंत मी, रूथ परेरा, जिच्या टेबलावरून खोटा चेक कधी पुढे गेला नाही, ती साऱ्या जगात लबाड म्हणून जाहीर झाले.

मग माझ्या पट्टी बांधलेल्या पायाच्या दोन बाजूंना उभं राहून दोघांचं भांडण झालं.

"तुला हात लावायला कोणी सांगितलं होतं गं?"

"डबा घरात, मी घरात. तू पवईत बसून कसली हिरोगिरी करतोस?"

"एकदा विचारायचं ना यार."

"तू विचारलंस?"

तेव्हापासून दोघं बोलत नाहीत. नाताळला मेलरॉय सकाळी येतो, मॉनिका संध्याकाळी. मला दोनदा जेवावं लागतं आणि डॉक्टर वजनावरून मलाच बोलतात.

अनामत कापली गेली याचं मला काही वाटलं नाही. वाईट याचं वाटतं की दोघं माझ्यासाठीच धावली आणि त्यातूनच तुटली. मी गेल्यावर या घरात यायला त्यांना कारणच उरणार नाही, याची मला भीती वाटते. म्हणून पुढील व्यवस्था केली आहे.

उरलेली अनामत मी नव्या चावीने पुन्हा लावली आहे. ती अनामत आणि डबा, दोन्ही मॉनिकाची मुलगी एलिशा हिला द्यावं. ती कॉलेजात आहे आणि घरात फक्त तिलाच हा डबा आवडतो. ही अनामत सोडवायला परवलीचे चोवीस शब्द लागतात. पहिले बारा मेलरॉयकडून आणि पुढचे बारा मॉनिकाकडून मी पाठ करून घेतले आहेत, लहानपणी पाढे घ्यायचे तसे, एकेकट्याला बसवून. एकाच्या शब्दांनी काहीही उघडत नाही. दोघांनी माझ्या टेबलाशी समोरासमोर बसून ते म्हणायचे आहेत. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू नयेत. हट्टाला पेटून गप्प बसलात तर एलिशाचं सगळं कायमचं अडकेल, आणि वकील, कोर्ट, आर्चबिशप कोणीही ते काढून देऊ शकणार नाही.

कलम ४. मला रेमंडच्याच कबरीत पुरावं. त्या दिवशी डबा बंद ठेवावा. दोघांपैकी कोण बंद करणार, ते आधी एकमेकांना विचारून घ्यावं.

कलम ५. या मृत्युपत्राची अंमलबजावणी जयवंत वकिलांनी करावी.

इथवरचं आधी लिहून ठेवलं होतं. पुढचं आत्ता, जेवणाच्या टेबलाशी बसून लिहिते आहे. दुसरा येणार हे मी दोघांनाही सांगितलं नव्हतं. मेलरॉय डावीकडे, मॉनिका उजवीकडे, समोर जयवंत वकील, मध्ये तळलेल्या गोड फुगियांची ताटली. त्या एकटे वकीलच खात आहेत. दोघांनी कलम ३ वाचलं. दोघांच्या समक्ष मी सही केली. मग मेलरॉयने केली, तारीख घातली आणि कागद मॉनिकाकडे न बघता तिच्याकडे सरकवला. ती पेन उघडून थांबली.

"तारीख चुकलीय तुझी."

"अकरा आहे आज."

"बारा रे. अकरा काल होती. एलिशाचा पेपर होता काल."

मेलरॉयने कागद परत स्वतःकडे ओढला. "कसा गेला तिचा पेपर?"

"तूच विचार तिला. मामा फोन का नाही करत, म्हणते."

त्याने अकरा खोडून बारा केले. खाडाखोडीवर माझी आणि दोन्ही साक्षीदारांची सही लागते, असं वकील म्हणाले. मी केली. मॉनिकाने केली आणि पेन त्याच्या हातात दिलं.

क्लिअरिंगमध्ये असताना खोडलेल्या तारखेचा एकही कागद मी पास केला नाही. हा करते आहे.

ठिकाण: वाकोला, मुंबई
तारीख: ~~११~~ १२ एप्रिल २०२६

मृत्युपत्र करणार: रूथ रेमंड परेरा (सही)

रूथ परेरा यांनी आम्हा दोघांच्या समक्ष, आम्ही एकाच वेळी हजर असताना सही केली. ते आम्ही पाहिले. खाडाखोड आम्हा दोघांना मान्य.

साक्षीदार १: मेलरॉय रेमंड परेरा, पवई (सही)
साक्षीदार २: मॉनिका परेरा डिमेलो, बोरिवली (सही)