शेफालीच्या नावाचं रक्त

पासली, ८ सप्टेंबर २०२४

चि. रत्नास,
सप्रेम जयभीम.

फोनवर बोलले तर घरात सगळी कान लावत्यात, म्हणून गेनबाच्या टेम्पोतून ही चिठ्ठी देते. आमची शेफाली भोरच्या हॉस्टेलातून आली ती ताप नि गळ्यात गाठी घेऊन. तुज्या लॅबनं रक्त तपासून मोनो नावाचा आजार निघाला म्हणून लिवलं. डॉक्टर म्हणाले, हा आजार लाळेतून लागतो. कुणाची लाळ, ते पोरगी सांगंना, नुसती रडती. म्या तिचं नर्सिंगचं कॉलेज बंद करायचं ठरीवलंय. तू सख्खी बहीण, पण भाचीचं कायतरी झाकतीस असं वाटतंय.

तुजी आक्का,
संजीवनी

भोर, ११ सप्टेंबर

ती. आक्कास सविनय जयभीम.

खोटा रिपोर्ट लिहायला मी काय वेडी आहे? एका बाटलीतून पाणी प्यायलं तरी हा आजार लागू शकतो, आणि हॉस्टेलात चौघींत एक बाटली असते. तरी तुझा जीव राहत नसेल, तर आजार ताजा की जुना हे सांगणारी दुसरी तपासणी करू. त्याची चिठ्ठी सोबत आहे. शेफालीला विंझरच्या आमच्या रक्त घ्यायच्या केंद्रावर नेऊन तिचं रक्त दे. तोवर कॉलेज बंद करू नकोस, एवढं धाकटीचं ऐक.

तुझी,
रत्ना

भोर, १८ सप्टेंबर

ती. आक्कास जयभीम.

रिपोर्ट आला. ताज्या आजाराची एकही खूण नाही, जुन्याच्या भरपूर. आत्ता आजारी असलेल्या पोरीचं रक्त असं येत नाही, म्हणजे हे शेफालीचं रक्त नाही. विंझरला विचारलं, तर चिठ्ठी घेऊन पंचेचाळिशीची बाई एकटीच आली होती म्हणे. तिथल्या नव्या मुलीनं चिठ्ठीवरचं वय बघितलं नाही. लॅबची लबाडी पकडायला तू पोरीच्या नावावर स्वतःचं रक्त दिलंस, आक्का. मला फार राग आलाय.

बहुतेकांना हा आजार कधीतरी होऊन गेलेला असतो, अनेकदा लहानपणीच. मग तो जन्मभर अंगात राहतो. तुझ्याही आहे. हा कागद दाजींना दाखवला, तर त्यांनी तुला विचारायचं का, कुणाची लाळ म्हणून?

रत्ना

पासली, २२ सप्टेंबर

चि. रत्नास जयभीम.

व्हय, म्याच दिलं. तुमी दोघी मिळून मला बनवताय, माज्या रक्तालाबी तू तोच ताजा आजार लिवशील असं वाटलं. लई चुकले. शेफाली बरी झाली की तिला कॉलेजात धाडते.

काल तिला तसं सांगितलं. तिनं इचारलं, आईचा इश्वास कुणावर बसला, तिच्यावर का कागदावर.

राग ऱ्हाऊ दे, पण लोभ तोडू नगंस.

तुजी आक्का