अक्काने ब्लॉक केलेला भाऊ

जळगाव, १४ मे २०२५

ती. सौ. वच्छलाअक्का हिला हिलालचा नमस्कार.

दिवाळीपासून तुला चार ओळी पोचल्या नाहीत, चूक माझी. दाजींचे गुडघे कसे आहेत? तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं का?

दिवाळीत मी तुझ्या फोनमध्ये निरोपांचं ते नवं ॲप घातलं, जुनं काढून टाकलं आणि दोन तास व्याख्यान दिलं. याला नंबर लागत नाही, मालक नाही, मधे बसून कुणी वाचत नाही, सगळी रचना खुली, कुणीही तपासावी. (मी तपासली नव्हती. तपासता येते, एवढ्यावरच माझं समाधान.) शिवाय बजावलं, अनोळखी खात्यावरून कुणी ‘मी तुझा भाऊ’ म्हणालं तर उत्तर न देता ब्लॉक करायचं.

मार्चमध्ये माझा फोन पाण्याच्या टाकीत पडला. जुनं खातं परत मिळवायला तेरा शब्द लागतात. मेथीच्या जुडीचा भाव डायरीत लिहिणारा मी, पण डायरी तुझी भावजय कोकिळा वाचते म्हणून ते शब्द लिहिले नाहीत, पाठ केले. नऊ आठवले. तक्रार करावी तर मालकच नाही! मग नवं खातं काढलं आणि अक्षय्य तृतीयेच्या आधी, आखाजीला तुला माहेरी आणायचं म्हणून, लिहिलं, “अक्का, मी तुझा भाऊ. न्यायला कधी येऊ?”

तू ब्लॉक केलंस. मला वाटलं, रागावलीस. सरळ फोन करायचा, तर मानापमानाचा विचार करत बसलो. (डायरीत त्याची चार पानं आहेत.) भाऊ न्यायला आल्याशिवाय निघायचं नाही आणि आपण होऊन विचारायचंही नाही, हा तुझा नियम मला ठाऊक असून!

काल दाजींचा फोन आला. “का रे हिलाल, तुनी अक्का पिशवी भरीसन ओटावर बठेल व्हती, तू का बरं उना नही?” तू गल्लीभर सांगितलंस म्हणे, “मन्हा भाऊनी शिकाडं माले चोर वळखाले.”

कोकिळा हसली. मला हसता आलं नाही. लग्नानंतर पहिल्यांदाच तुझी आखाजी सासरी गेली, ती माझ्या शहाणपणामुळे.

तुझा,
हिलाल

ता. क. हे पत्रही चोराचं वाटेल, म्हणून खूण देतो. लहानपणी डब्यातल्या सांजोऱ्या मी खाल्ल्या होत्या. मार तू खाल्लास आणि माझं नाव सांगितलं नाहीस.

ता. क. २. आखाजीसाठी बांधलेला निंबाचा झोका कोकिळेने अजून सोडलेला नाही. आठ दिवस तरी ये. (ॲप ठेवायचं की काढायचं, ते तू ठरव.)

ता. क. ३. पोस्टाला चार दिवस लागतील, म्हणून पत्र पेटीत टाकत नाही, हातीच आणतो.

(डायरीतून) उद्याचं काम: सकाळच्या गाडीने शिंदखेड्याला जाऊन अक्काला आणणे.